वैतरणेच्या पाण्याचा जमाखर्च

त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून अर्नाळ्याजवळ समुद्रास मिळणाऱ्या वैतरणेच्या खोऱ्यात पाऊस कमी पडतो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तरीही मोखाडा, जव्हार, शहापूर या तालुक्यांतील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर धावतात आणि आदिवासी स्त्रिया आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात. याला निसर्गाची अवकृपा म्हणणे सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे आहे. या टंचाईचे बी मुंबईत बसून तयार केल्या जाणाऱ्या पुरवठा-मागणीच्या तक्त्यांत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुरवठ्याची बाजू पाहा. 1892 साली तानसा पुरे झाले. 1950 च्या दशकात मोडकसागर, 1970 च्या दशकात अप्पर वैतरणा आणि 2014 साली मध्य वैतरणा अशी धरणांची रांगच या खोऱ्यात उभी राहिली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांची एकूण क्षमता सुमारे 14.47 लाख दशलक्ष लिटर आहे. त्यातील जवळजवळ निम्मा साठा या चार धरणांत आहे. मध्य वैतरणेचे धरण ज्या मोखाडा तालुक्याच्या सीमेवर उभे आहे, तो तालुका मात्र टँकरच्या यादीतून सुटलेला नाही!

आता मागणीची बाजू. महानगरासाठी माणशी रोज 135 ते 150 लिटरचा निकष धरून पुढील काही दशकांच्या लोकसंख्येची तहान आजच मोजली जाते. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी 55 लिटर पुरेसे ठरतात. टँकर आला की तेच 20 लिटरवर येतात. तक्ता गणिताच्या दृष्टीने निर्दोष असेलही, पण त्यात मागणी कोणाची चढवायची हा निर्णय गणिताचा नसतो. भात कापून झाल्यावर वारली आणि कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, कारण दुसऱ्या पिकाला पाणी नसते. त्या न पिकलेल्या पिकाची मागणी कोणत्या रकान्यात आहे? खाडीच्या मुखाशी गोडे पाणी उतरले नाही तर मासळीची पैदास घटते आणि खारे पाणी आत सरकते. मच्छीमारांच्या आणि काठावरच्या विहिरींच्या या गरजेला सरकारी भाषेत ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ असे नाव आहे.

ज्यांची मागणी एकदा कागदावर मान्य झाली, त्यांचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. वैतरणेची उपनदी असलेल्या सूर्येवरील धामणी धरण डहाणू-पालघर भागातील शेतीसाठी म्हणून बांधले गेले. आज त्याच प्रकल्पातून वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज 403 दशलक्ष लिटरची योजना आखलेली आहे. ‘पिण्याच्या पाण्याला प्रथम प्राधान्य’ हे तत्त्व येथे ढालीसारखे पुढे केले जाते. त्या तत्त्वाशी आमचा वाद नाही. परंतु टोलेजंग संकुलांतील पोहण्याचे तलाव आणि मोटारी धुण्याचे पाणीही ‘पिण्याचे’ ठरत असेल, तर पाड्यावरच्या हंड्याला प्राधान्य कोण देणार?

यावर एक साळसूद प्रश्न हमखास विचारला जातो: मुंबईच्या श्रमिकांनी तहानलेले राहावे काय? प्रश्न विचारणाऱ्यांना श्रमिकांची आठवण याच प्रसंगी होते. एरवी झोपडपट्टीसाठी माणशी 45 लिटरचा निकष लावून महापालिकेने शहरातच दोन दर्जाचे नागरिक केले. ठरावीक तारखेनंतरच्या अनधिकृत वस्त्यांना तर पाणीच नाकारले गेले. ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने हे चालणार नाही असे सांगितले, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. तेव्हा गोवंडीचा कामगार आणि मोखाड्याचा आदिवासी यांना एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव आपल्या कार्यकर्त्यांनी ओळखला पाहिजे. शहरातील गळती व चोरी थांबविणे हा पाण्याचा पहिला नवा स्रोत होय. दुसरा म्हणजे सांडपाणी. रोज 2,464 दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची सात केंद्रे महापालिकेने हाती घेतली आहेत. त्या पाण्याचा मोठा भाग उद्योग, बांधकाम आणि उद्यानांना देणे सक्तीचे का नाही?

याचा हिशेब न देता आता गारगाईतून 440 आणि पिंजाळमधून 865 दशलक्ष लिटर रोज काढण्याचे बेत आहेत. मध्यंतरी बाजूस ठेवलेला गारगाई प्रकल्प पुन्हा पुढे रेटला जात आहे. त्यासाठी तानसा अभयारण्यातील जंगल आणि वाडा तालुक्यातील ओगद्यासारखी गावे पाण्याखाली जातील.

हा प्रदेश पाचव्या अनुसूचीतील आहे. 1996 च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. म्हणून वाडा, मोखाडा, शहापूर येथील साथींनी प्रत्येक ग्रामसभेत संपूर्ण खोऱ्याचा जमाखर्च मराठीत वाचून दाखविण्याची मागणी करावी. त्यात दुबार पीक आणि खाडीचा प्रवाह यांचे रकाने असावेत. जुन्या चार धरणांच्या परिसरातील प्रत्येक पाड्यात बारमाही नळ येईपर्यंत नव्या धरणास संमतीचा ठराव होऊ देऊ नये. मुंबईतील साथींनी हीच मागणी प्रभागांच्या सभांतून लावून धरावी.