चक्रीफुलात गोळी नसते

शिरूर किंवा दौंडच्या आठवडे बाजारात मसालेवाल्याकडे दगडफूल, नागकेशर, तमालपत्र यांच्या शेजारी चक्रीफूल हमखास असते. कोणी त्याला बादियान म्हणते. नावात फूल असले तरी ते फळ आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शी प्रांतात आणि ईशान्य व्हिएतनाममध्ये वाढणाऱ्या एका सदाहरित झाडाचे. एरवी गोडा मसाला आणि बिर्याणी यांच्यापलीकडे त्याची कोणी विचारपूस करत नाही. फ्लूची चर्चा सुरू झाली की मात्र मोबाइलवर त्याचे महत्त्व एकदम वाढते. टॅमिफ्लू ही गोळी चक्रीफुलापासून बनते, मग मेडिकलमध्ये पैसे कशाला घालवायचे, काढा करून प्या, असा तो युक्तिवाद. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, म्हणूनच दुसरा पटकन गळी उतरतो. घोटाळा मधल्या 'मग' या शब्दात आहे.

खरा भाग आधी पाहू. डच रसायनशास्त्रज्ञ योहान आयकमन यांनी 1885 मध्ये जपानमधल्या 'शिकिमी' नावाच्या झाडापासून एक आम्ल वेगळे केले. झाडावरून त्याला शिकिमिक आम्ल म्हणतात. शिकिमी हे चक्रीफुलाच्या झाडाचे चुलत भावंड, आणि हे आम्ल चक्रीफुलातही भरपूर असते. 1999 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओसेल्टामिव्हिर, म्हणजेच टॅमिफ्लू, या औषधासाठी तेच कच्चा माल ठरले. पुणेकरांना या औषधाचे नाव पाठ झाले ते 2009 च्या ऑगस्टमध्ये. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू 3 ऑगस्टला पुण्यात झाला, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद राहिली. गोळी तेव्हा सरकारी यंत्रणेमार्फतच मिळत होती. पण त्या गोळीत शिकिमिक आम्ल नव्हते. आम्लाच्या रेणूवर एकामागून एक दहाच्या आसपास रासायनिक प्रक्रिया झाल्यावर ओसेल्टामिव्हिर तयार होते. रोश कंपनीच्या मूळ पद्धतीत त्यासाठी अझाइड हे स्फोटक स्वभावाचे रसायनही वापरावे लागे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांना औषधाचा कच्चा माल बनवणे म्हणजे काय असते, हे वेगळे सांगायला नको. तिथल्या रिअॅक्टरमध्ये जे घडते ते पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात घडत नाही. फ्लूचा विषाणू एका पेशीतून सुटून दुसरीकडे जाताना न्यूरामिनिडेज नावाचे विकर वापरतो. ओसेल्टामिव्हिर ते विकर अडवते. नुसते शिकिमिक आम्ल ते करत नाही.

आणि हे आम्ल दुर्मीळही नाही, याचा पुरावा आपल्याच बांधावर आहे. शिकिमिक आम्ल ही एका झाडाची मिरास नव्हे. प्रत्येक हिरव्या वनस्पतीत ते तयार होते आणि पुढच्या टप्प्यात वापरले जाते. ग्लायफोसेट हे तणनाशक नेमका हा पुढचा टप्पा बंद पाडते. त्यामुळे फवारलेल्या तणाच्या पानांत शिकिमिक आम्ल साठत जाते, इतके की फवारणी लागू पडली का हे संशोधक त्याचेच प्रमाण मोजून ठरवतात. म्हणजे घोड आणि भीमेच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात बांधावर सुकत पडलेल्या तणातही हे 'फ्लूचे औषध' असतेच. त्याचा काढा कोणी सुचवत नाही, आणि सुचवूही नये. शिवाय आता हे आम्ल ग्लुकोजवर वाढवलेल्या जीवाणूंकडूनही बनवून घेता येते, तिथे झाडाची गरजच उरत नाही. साखर कारखान्यांच्या शिरूर-दौंड या तालुक्यांना चक्रीफुलाच्या झाडापेक्षा तो मार्ग जवळचा आहे, असे गमतीने म्हणता येईल.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. औषध कंपन्या वनस्पतीतून रेणू उचलतात, पेटंट घेतात आणि वर वनस्पतीला कमी लेखतात, मग त्यांच्या गोळीवर तरी विश्वास का ठेवायचा? या संशयाला आधार आहे, तो झटकून टाकू नये. कॉक्रेन या स्वतंत्र संशोधकांच्या गटाला टॅमिफ्लूच्या चाचण्यांची पूर्ण माहिती मिळवायला वर्षानुवर्षे झगडावे लागले. ती मिळाल्यावर 2014 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष फारसा गौरवाचा नव्हता: प्रौढांमध्ये लक्षणांचा काळ सात दिवसांवरून सुमारे 6.3 दिवसांवर येतो, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते असे सिद्ध होत नाही, आणि मळमळ-उलट्या वाढतात. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अत्यावश्यक औषधांच्या यादीत या औषधाचा दर्जा खाली आणला. पण हे आपल्याला कळले कशामुळे? हजारो रुग्णांवर चाचण्या झाल्या होत्या आणि कोणीतरी त्यांचा हिशेब मागितला, म्हणून. चक्रीफुलाच्या काढ्याचा असा हिशेब मागायला समोर काही नाही. त्याच्या तेलातले अॅनेथॉल प्रयोगशाळेत काही जीवाणू आणि बुरशी रोखते, हे खरे आहे. तसे तर फिनेलही रोखते. काचेच्या बशीत जे साधते ते माणसाच्या शरीरात, सोसवेल अशा मात्रेत साधते का, हा प्रश्न उरतोच. गोळीचा गुण थोडा निघाला म्हणून काढ्याचा वाढत नाही.

राहिला तो नेहमीचा प्रश्न: गुण नाही आला तरी अपाय काय होणार? मसाल्यापुरते चक्रीफूल निर्धोक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या शिकिमीवरून आम्लाला नाव पडले त्या झाडाच्या फळात अॅनिसॅटिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष असते. जपानमध्ये या झाडाच्या फांद्या बौद्ध विधींत आणि स्मशानात वापरतात, फळ खात नाहीत. वाळलेली दोन्ही फळे शेजारी ठेवली तर नुसत्या नजरेने फरक ओळखणे कठीण, आणि पूड केल्यावर तर अशक्यच. सप्टेंबर 2003 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाचा चहा पिऊ नका असा इशारा दिला, तो सुमारे 40 जण आजारी पडल्यावर. त्यांत 15 च्या आसपास तान्ही मुले होती आणि झटके येण्यासारखी लक्षणे दिसली होती. बाळाचे पोट दुखते म्हणून चक्रीफुलाचे पाणी पाजणे ही त्या देशातल्या काही समाजांत घरगुती रीत होती. भातात टाकलेली एखादी पाकळी आणि तापात तीन वेळा उकळून प्यायलेली मूठभर फळे यांत मात्रेचा फरक आहे, आणि विषाच्या बाबतीत मात्राच निर्णायक असते.

दुसरा अपाय वेळेचा आहे. ओसेल्टामिव्हिरचा जो काही मर्यादित उपयोग आहे तो लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत मिळाले तर अधिक. गरोदर बाई, दम्याचा रुग्ण, म्हातारे माणूस यांनी हे दोन दिवस काढ्यावर घालवले आणि तिसऱ्या दिवशी धाप लागल्यावर गाडी दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे वळवली, तर डॉक्टरांच्या हातातला एक उपाय घरीच निसटलेला असतो.