इंजिनिअर बँकेत का गेला?



अलीकडे गावोगावच्या बैठकांत एक बातमी वारंवार कानावर येते. 'पोरगं मेकॅनिकल झालं आणि बँकेत लागलं.' सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो, ऐकणाऱ्याच्या मनात थोडा हेवा. चार वर्षे यंत्रे शिकलेला मुलगा आता कर्जाच्या फायली चाळतो, विम्याच्या पॉलिसी खपवतो आणि थकबाकीदारांच्या दारी जातो, याचे कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे.

पोराला दोष देण्याचे कारण नाही. त्याने हिशेब केला आणि तो हिशेब बरोबर आहे. कॉम्प्युटरच्या मोठ्या कंपन्यांत नव्या इंजिनिअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षे जवळपास जागचा हललेला नाही. उलट सरकारी बँकेतील नव्या अधिकाऱ्याचे मूळ वेतन मार्च २०२४ च्या वेतन समझोत्याने महिना ४८,४८० रुपये ठरले. महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते वेगळे.

आता हाच आकडा आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे त्या अधिकाऱ्याचे एका महिन्याचे मूळ वेतन जवळपास सहा क्विंटल कापसाएवढे. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल धरले, तर दीड एकराची वर्षभराची कपाशी. तीही हमीभावाने विकली गेली तर; खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर गेली तर विचारूच नका. बी, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी यातून अजून वजा केलेलीच नाही. ज्वारीत मोजायचे तर मालदांडीच्या ३,७४९ रुपये हमीभावाने तेच वेतन तेरा क्विंटल होते. जो बाप हे गणित रोज जगतो, त्याचा मुलगा पगार पाहून वाट बदलतो यात लोभ कसला? तो बापाकडूनच शिकला आहे.

पण या गणितात एक खर्च कोणी मांडत नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. बांभोरी, फैजपूर आणि धुळे येथे त्याच वर्षी कॉलेजे निघाली. पुढे १९९६ मध्ये जळगावला सरकारी कॉलेज झाले, २००१ मध्ये शिरपूरला आणखी एक. घरापासून एसटीच्या अंतरावर इंजिनिअर होण्याची सोय झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. तिची फी मात्र कापसाच्या पट्टीतून गेली. कुठे एकर-दोन एकर विकले गेले, कुठे सातबाऱ्यावर बोजा चढला, कुठे घरातले दागिने सोनाराकडे गेले. एवढे करून पोरगा ज्या बँकेच्या परीक्षेला बसतो, त्या परीक्षेला पात्रता काय लागते? कोणत्याही शाखेची पदवी. अमळनेरच्या प्रताप कॉलेजातून बी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्याला तो दरवाजा तेवढाच उघडा आहे. बँकेला आकडेमोडीत तरबेज माणूस फुकट मिळतो. त्याला तयार करण्याची किंमत मात्र कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यावर नावे पडते.

आमच्या कृषी पदवीच्या वर्गाचीही हीच कथा. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शेतीला कर्ज देणे बँकांवर बंधनकारक झाले, आणि पीक ओळखणारी माणसे बँकांना हवी झाली. त्यातून कृषी अधिकाऱ्याची जागा निर्माण झाली. माझे कितीतरी वर्गमित्र तिथे गेले. बोंडअळी आणि लाल्या यांतला फरक ओळखणारी ही माणसे आज सांगतात की, शिवारात जाणे क्वचितच होते. दिवस वसुलीत आणि वरून आलेली टार्गेटे भरण्यात जातो. ज्ञान तिथेही पडूनच राहिले.

मग इंजिनिअरचे काम आपल्या भागात का नाही? काम नाही असे थोडेच आहे! पाण्यावाचून रान पडते, वेचणीला माणूस मिळत नाही, कापूस कच्चाच बाहेर जातो. शिरपूर तालुक्यात २००४ पासून सुरेश खानापूरकर या भूगर्भशास्त्रज्ञाने नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभी केली. तांत्रिक माणूस शिवारात आला की काय होते, ते तिथे जाऊन पाहावे. काम आहे, पण ते करून घेणाऱ्याच्या हातात पैसा नाही.

याला इतिहास आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले तेव्हा इंग्रजांच्या गिरण्यांना खान्देशचा कापूस हवासा झाला. पुढे जिनिंग-प्रेसिंग आले, जळगाव, अमळनेर, धुळे येथे कापडगिरण्या आल्या. त्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. १९७२ पासून तीन दशके एकाधिकार खरेदीने कापूस राज्याच्या सीमेच्या आत कोंडून ठेवला. बाहेर भाव जास्त असला तरी न्यायचा नाही. ज्याचा माल अडवलेला आणि भाव बांधलेला, तो यंत्र कुठून घेणार, आणि यंत्र बनवणारा कोणासाठी बनवणार? शेजारी रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पाणी होते आणि पिकाला पैसा होता. ठिबकला गिऱ्हाईक मिळाले, आणि भवरलाल जैनांसारख्या उद्योजकाने जळगावात पाइप व ठिबकचे कारखाने उभे केले. तिथे इंजिनिअरला काम मिळाले. शेतात पैसा उरला की इंजिनिअर शेताजवळ येतो. तो उरला नाही की इंजिनिअर पैशाजवळ जातो.

पैशाचे काम हलके आहे, असे आम्ही म्हणत नाही. अमळनेरातच पाहा. १९४५ साली तिथे तेलबियांपासून वनस्पती तूप करणारी एक कंपनी निघाली. पुढे ती कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरली, तीच विप्रो. ज्या अमळनेरकरांनी तिचे शेअर जपून ठेवले, त्यांची घरे वर आली. ज्यांनी तेलबियांच्या गाड्या भरून आणल्या, त्यांना त्या दिवसाचा बाजारभाव मिळाला. गाव एक, कारखाना एक. फरक कागदाचा.

हा कागद जाणणाऱ्यांची चलती जगभर आहे. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन हे मुळात दिल्ली आयआयटीचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अमेरिकेत तर गणिती आणि इंजिनिअर मोठ्या पगारावर शेअरबाजारात गेले, आणि घरकर्जांवर कागदांचे इमले रचण्यात त्यांची बुद्धी खर्ची पडली. सप्टेंबर २००८ मध्ये तो डोलारा कोसळला. तेव्हा तिथल्या संसदेने पडझड थांबवायला ७०० अब्ज डॉलर्सची मंजुरी दिली. त्याच साली आपल्याकडे कर्जमाफी झाली. पाच एकरांपर्यंत पूर्ण माफी. त्यावर एक गुंठा जास्त असला तर बाकीचे कर्ज आधी भरा, मग २५ टक्के सूट. बागायती पाच एकरवाला आत, आठ एकर मुरमाड कोरडवाहूवाला बाहेर. ही रेघ कागदावर ओढली गेली तेव्हा आपल्या बाजूचा कोणी तिथे कागद वाचायला नव्हता.

म्हणून बँकेत गेलेल्या आपल्या मुलांचा उपयोग करून घ्यायला शिकले पाहिजे. वशिल्यासाठी नव्हे, समजून घेण्यासाठी. अल्प व अत्यल्प भूधारकाच्या अल्पमुदती कर्जावर मुद्दलापेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, हा दामदुपटीचा जुना न्याय रिझर्व्ह बँकेने बँकांना घालून दिलेला आहे. किती शाखांत तो पाळला जातो, हे आपल्यातल्या किती जणांनी खातेउतारा मागून पाहिले? पीक ३३ टक्के किंवा अधिक बुडाले तर कर्जाची फेरबांधणी करून मुदत वाढवून द्यावी, असे २०१८ च्या निर्देशांत होते. आपण मात्र मार्च आला की सावकाराकडून उचल करून नवे-जुने करतो.

या बैठकीत प्रत्येक गावाने तीन गोष्टींवर बोलावे. पहिली, मुलाला इंजिनिअरिंगला घालण्याआधी त्याला यंत्राची आवड आहे की नोकरीची गरज आहे, हे घरात बसून स्पष्ट विचारावे. नोकरी बँकेचीच हवी असेल तर साधी पदवी पुरते, जमीन विकू नये. यंत्राची आवड असेल तर शैक्षणिक कर्ज काढावे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची पतहमी योजना आहे, त्यासाठी सातबारा तारण मागितला तर नियम दाखवायला सांगावे. दुसरी, गावातील बँकेत असलेल्या मुलामुलींना सुटीच्या दिवशी बोलावून खातेउतारा कसा वाचायचा हे शिकून घ्यावे. तिसरी आणि मुख्य, कापसाच्या भावाची मागणी ही आपल्या इंजिनिअर पोरांच्या रोजगाराचीही मागणी आहे, असे त्यांना सांगावे आणि मोर्चाला त्यांनाही बरोबर आणावे.

पोरगा बँकेत लागला, पेढे जरूर वाटा. पण शिवारात त्याचे काम पडून आहे, हे पेढा देताना त्याला सांगायला विसरू नका.