शब्द चार, हक्क एकच

मराठी खरेदीखतात काही ओळी ठरलेल्या असतात. जमीन विकली जाते ती 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधीनिक्षेपांसह'. लिहून देणारा ती देतो 'स्वखुशीने, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता'. शेवटी त्याचा 'हक्क, अधिकार, हितसंबंध' संपतो. आपण दस्तलेखक या ओळी डोळे मिटून उतरवतो.

त्या गाळल्या तर काय बिघडेल? मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चे कलम 8 पाहा. दस्तात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जमिनीबरोबर तिला जोडलेले वहिवाटीचे हक्क आणि तिच्यात रुजलेले सारे घेणाऱ्याकडे जाते. म्हणजे तरू-तृण न लिहिताही जातात. उलट निधी लिहूनही जात नाही. गुप्तधन सापडले तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

खरे नुकसान पुढेच आहे. 'जल' लिहिले, पण पाणी किती? वसमतकडे हळद आठ-नऊ महिने रानात उभी असते. सामाईक विहिरीत हिस्सा चार आणे की आठ आणे, पाळी कोणत्या वारी, मोटारीचे कनेक्शन कोणाच्या नावावर, पाइपलाइन कोणाच्या बांधावरून? भाऊबंदकी इथे पेटते आणि नेमका इथेच आपला दस्त मुका असतो.

सगळीच पुनरुक्ती वाईट नाही. रक्कम अंकी आणि अक्षरी लिहितो, 0.81 हेक्टरसोबत दोन एकर लिहितो, ते चूक पकडता यावी म्हणून. जुन्या सर्व्हे नंबरसोबत हल्लीचा गट नंबर हवाच. वसमतचा हिंगोली जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी; त्याआधीच्या कागदांवर जिल्हा परभणी आहे. तेव्हा 'पूर्वीचा जिल्हा परभणी, हल्ली हिंगोली' ही द्विरुक्ती मिळकतीची ओळख पक्की करते.

'पक्षकाराला भारदस्त दस्त लागतो,' असे आपल्यातले जुने लोक म्हणतात. खरे आहे. पण रजिस्ट्रीपूर्वी दस्त वाचून दाखवताना त्या भारदस्त ओळी आपणच भरभर उरकतो, आणि अंगठा करणारा नुसती मान डोलावतो. पुढचा मसुदा करताना प्रत्येक जोडशब्दातला एक शब्द खोडून पाहा. हक्क कमी होत नसेल, तर खोडलेलाच राहू द्या. वाचलेल्या जागेत विहिरीचा हिस्सा, पाळीचा वार आणि शेतात जायचा रस्ता लिहा, आणि तेवढा भाग पक्षकाराला सावकाश, दोनदा वाचून दाखवा.