विषाला औषध म्हणणं आता थांबवा

मोहर्लीच्या गेटमधून ताडोबाच्या जंगलात मोबाइल नेता येत नाही. वाघाच्या शांततेसाठी केलेला हा नियम पर्यटक निमूट पाळतात. पण बाजूच्या शेतात पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुराच्या जिवासाठी नियम करायचं म्हटलं, की ओरड होते, ‘शेतकरी मरेल!’ मी मोहर्लीचाच. मला ही ओरड खोटी वाटते.

2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. कंपन्यांनी विरोध केला. हरकतींची मुदत 45 दिवसांवरून 90 दिवस झाली. 2023 मध्ये हाती काय आलं? तीन कीडनाशकांवर पूर्ण बंदी आणि मोनोक्रोटोफॉसच्या एका प्रकारावर बंदी. 1968 च्या कायद्यात राज्याला 60 दिवसांची, फार तर आणखी 30 दिवसांची तात्पुरती बंदी घालता येते. कायमचा निर्णय दिल्लीचा.

शेतकऱ्याची भीती खरी आहे. बोंडअळी पीक खाते, कर्ज थांबत नाही. पण त्यावर कामगंध सापळे आहेत, निंबोळी अर्क आहे, फरदड न घेणं आहे. हे शिकवायला कृषी विभागाचा माणूस बांधावर यायला हवा. तो येत नाही, म्हणून कृषी केंद्राचा दुकानदारच डॉक्टर होतो. या विरोधात शेतकऱ्याचं नाव पुढे असतं, नफा दुसऱ्याचा असतो, आणि ज्याच्या नाकातोंडात विष जातं त्या रोजंदारीच्या माणसाला कोणी विचारत नाही.

त्यात आपलेही भाऊ आहेत. आणि गावालगतच्या इरई धरणाचं पाणी चंद्रपूर शहर पितं. तेव्हा ज्याच्याकडे शेत नाही त्याचाही हा प्रश्न आहे.

तरुण दोस्तांनो, जुम्म्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं काढा. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे मजुरांना दाखवा. ग्रामसभेत तीन मागण्या लेखी द्या : फवारणाऱ्याला मास्क-हातमोजे मालकाने द्यावेत, हंगामाआधी आरोग्य केंद्रात विषबाधेवरचा औषधसाठा असावा, आणि उरलेल्या कीडनाशकांचं काय झालं हे आपल्या खासदाराने सांगावं. उत्तर मिळेपर्यंत दर ग्रामसभेत विचारत राहा.