एबीसी खात्यात क्रेडिट जमा झाले, म्हणजे डिग्री मिळाली का?

"एबीसी आयडी काढला का?" हा प्रश्न सध्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखा फिरतोय. त्याच्यासोबत एक समजूतही फिरतेय: घरबसल्या ऑनलाइन कोर्स करायचे, परीक्षा द्यायची, क्रेडिट 'बँकेत' साठवायचे आणि पुरेसे झाले की डिग्री घ्यायची. नोकरी करून शिकणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटतं. पण यूजीसीचे नियम पाहिले तर प्रकरण इतकं सोपं नाही. उशिरा कळलं तर अख्खं सत्र वाया जाऊ शकतं.

क्रेडिट आणि त्याची बँक

क्रेडिट म्हणजे श्रेयांक. साधारण १५ तासांच्या वर्गातल्या शिकवण्याला १ क्रेडिट असा हिशोब आहे. नव्या आराखड्यात ३ वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि ४ वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात.

या क्रेडिटची नोंद ठेवण्यासाठी २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, सुरू झाली. डिजिलॉकरमधून खातं उघडता येतं आणि १२ अंकी अपार आयडी मिळतो. नाव 'बँक' असलं तरी इथे पैसे भरल्यासारखे आपण क्रेडिट भरू शकत नाही. ते फक्त संस्थाच जमा करते. त्यांची मुदतही जास्तीत जास्त ७ वर्षं. आणि ज्या विद्यापीठाची डिग्री हवी, त्याच्याकडूनच निदान ५० टक्के क्रेडिट मिळवावे लागतात. म्हणजे दहा ठिकाणचे सुटे क्रेडिट गोळा करून डिग्री होत नाही.

नुसती परीक्षा देऊन चालतं का?

अमेरिकेत चालतं, काही प्रमाणात. तिथे कॉलेज बोर्ड १९६७ पासून क्लेप नावाच्या परीक्षा घेतं. विषय तुम्ही कुठून शिकलात हे कोणी विचारत नाही. बहुतेक पेपर दीड तासाचे असतात, गुण २० ते ८० च्या पट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावं अशी शिफारस असते. लक्षात घ्या, ही शिफारस आहे. क्रेडिट द्यायचे की नाही आणि किती द्यायचे, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये आलेलं 'स्वयम' याच्या जवळ जातं, पण ते वेगळं आहे. इथे आधी नाव नोंदवावं लागतं, दर आठवड्याच्या असाइनमेंट कराव्या लागतात आणि मग केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या कोर्सचं उदाहरण घ्या. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत. विषय तुम्हाला आधीच येत असेल तरी असाइनमेंट सोडून थेट परीक्षेचं क्रेडिट मिळत नाही.

४० टक्क्यांचा घोळ

२०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयममधून घेता येतात. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. बातम्यांमध्ये एवढंच आलं, त्यामुळे अनेकांना तो आपला हक्क वाटतो. खरं तर ती वरची मर्यादा आहे. तिच्या आत कोणते कोर्स चालतील हे विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते.

माझा मामेभाऊ बीएस्सी करतो आणि दुपारनंतर मेडिकल दुकानात काम करतो. त्याने १२ आठवड्यांचे दोन कोर्स पूर्ण केले, परीक्षा पास झाला, प्रमाणपत्रंही आली. कॉलेजचं उत्तर आलं, "हे कोर्स आमच्या यादीत नाहीत." त्याला त्याच विषयांचे पेपर कॉलेजात पुन्हा द्यावे लागले. प्रमाणपत्र खरं होतं, त्याने अभ्यासही केला होता. फक्त डिग्रीच्या हिशोबात त्याची किंमत शून्य झाली.

मग दूरशिक्षण?

वर्गात बसणं शक्यच नसेल तर हा रस्ता जास्त सरळ आहे. इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ पूर्ण पदवीच देतं, त्यामुळे क्रेडिट इकडून तिकडे नेण्याची कटकट राहत नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. प्रवेशासाठी आता डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला एबीसी आयडी लागतो. मात्र इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा यांसारखे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येत नाहीत. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर सावध व्हा.

नाव नोंदवण्याआधी एवढं करा

- कोर्सचं नाव, कोड आणि आठवडे लिहून कॉलेजला ईमेल करा: हा कोर्स मान्य यादीत आहे का, आणि तो कोणत्या विषयाच्या जागी धरणार? उत्तर लेखीच घ्या. तोंडी होकारावर फी भरू नका.
- निकालाची तारीख तुमच्या सत्राच्या निकालाआधी येते का, ते पाहा.
- एबीसी खात्यातलं नाव आणि जन्मतारीख मार्कशीटशी जुळते का, ते तपासा.
- दूरशिक्षणाला प्रवेश घेताना त्या वर्षासाठी विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही यूजीसीच्या डीईबी यादीत आहेत का, ते बघा.

माझ्या मते तंत्रज्ञानाचा भाग बऱ्यापैकी जागेवर आहे. खातं आहे, आयडी आहे, कोर्स आहेत. अडतंय ते मान्य कोर्सच्या यादीपाशी. स्वयमची सत्रं जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. नोंदणी संपण्याआधी प्रत्येक विद्यापीठाने ही यादी वेबसाइटवर टाकली, तरी पोरांचे निम्मे हेलपाटे वाचतील. यासाठी नवं अ‍ॅप लागत नाही, एक पीडीएफ वेळेवर टाकली तरी पुरे. तोपर्यंत कोर्स निवडण्याआधी कॉलेजचं लेखी उत्तर हातात ठेवा.