वारा निर्मळ, पण प्रकल्प?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉट औष्णिक केंद्रासारख्या प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेने पर्यावरणीय मूल्यमापन व जनसुनावणी बंधनकारक केली. त्याच अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा मात्र नाही. वारा निर्मळ, म्हणून प्रकल्पही निर्दोष, असे शासनाने जणू गृहीत धरले. भीमाशंकर परिसरात काय घडले? पवनचक्क्यांच्या रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले, दरडी कोसळल्या, राडारोडा सुपीक शेतांत आला, असे माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात नोंदविले. ही किंमत विजेच्या दरात दिसत नाही. ती गावकरी भरतो. म्हणून जनसुनावणीची कसोटी इंधन नव्हे, जमिनीवरील परिणाम हीच असावी. तिरोड्याच्या शेतकऱ्याला कायद्याने दिलेला हक्क भीमाशंकरच्या आदिवासीला का नसावा?