एवढं तरी विचारावं

परवा शहापूरहून येताना वाटेत एका मेडिकलमध्ये थांबले. वीस-बावीस वर्षांची एक मुलगी बाजूला उभी होती. गर्दी ओसरेपर्यंत ती थांबली. दुकानदारानं ‘एन् बेक्री?’ म्हणताच तिनं मोबाईल पुढे केला. त्यानं पाकीट कागदात गुंडाळून दिलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मीसुद्धा. पाकीट मात्र ओळखीचं होतं. एकेकाळी टीव्हीवर त्याची जाहिरात लागली की आपण चॅनेल बदलायचो, तेच!

ही तातडीची गोळी आपल्याकडे 2005 पासून चिठ्ठीशिवाय मिळते. मिळते हे चांगलंच. संबंधानंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी उपयोगी. पण ती नेहमीसाठी नाही, पुढच्या दिवसांसाठी संरक्षण देत नाही आणि राहिलेला गर्भ पाडत नाही. हे त्या मुलीला कुणी सांगितलं असेल?

माझी भाची अमेरिकेत ओरेगॉनला असते. तिला विचारलं. म्हणाली, ‘मावशी, इथे 2016 पासून प्रशिक्षित फार्मासिस्टच नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या लिहून देऊ शकतात. आधी प्रश्नावली भरून घेतात. कधी रक्ताची गुठळी झाली होती का? अर्धशिशी आहे का? सिगारेट ओढता का? मग बीपी बघतात. शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवतात. आणि लग्न झालंय का, हे विचारत नाहीत.’

मैत्रिणींनो, आपल्याकडे नेमकं उलटं. विचारायचं ते कुणी विचारत नाही आणि नको तेच आधी विचारतात. म्हणून मुली दवाखान्याची पायरी चढत नाहीत. सरकारी दवाखान्यात माला-एन आणि छाया या गोळ्या मोफत मिळतात, पण ओळखीचं कुणी भेटलं तर?

माझी लेक धारवाडला हॉस्टेलवर असते. त्या रात्री फोनवर ‘जेवलीस का?’ झालं, हवापाणी झालं. मग धीर करून मेडिकलमधली सगळी गोष्ट सांगितली. पलीकडे शांतता. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, ‘आई, तिकडे चांगल्या लेडी डॉक्टर कोण आहेत गं?’

‘कशाला?’ हा शब्द अगदी ओठांवर आला होता. गिळला. नाव सांगितलं आणि विचारलं, ‘सोबत येऊ का?’

‘ये,’ म्हणाली.